माझं कोणी नाही, आमेन

बेलापुरात शलमोन अमोलिक मास्तरांच्या प्रार्थनेचा मोठा लौकिक होता. आता प्रार्थना काय, कुणीही करतो, देव काही व्याकरण तपासत नाही. पण मास्तरांची गोष्ट वेगळी. बाप्तिस्मा असो, लग्न असो, कुणाची माती असो, पाळकसाहेब समोर उभे असले तरी लोक म्हणायचे, "मास्तरांना प्रार्थना चालवू द्या." मास्तर घसा खाकरायचे आणि मग असे काही वाहायचे की बाया पदरानं डोळे टिपायच्या. सुरुवात देशापासून, मग पाऊसपाणी, मग मंडळीतले आजारी, मग परगावी गेलेली पोरं आणि शेवटी स्वतःचं गाऱ्हाणं. वाट ठरलेली. गाडीवान पेंगला तरी बैल जसे न चुकता घराकडे वळतात, तशी मास्तरांची जीभ त्या वाटेनं जायची. आणि तिथंच त्या बुधवारी घात झाला.

त्याआधी घरचं सांगायला हवं. मास्तर आता खाटेवरच होते. न्हाणीत पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, श्रीरामपूरला ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले चालतील, पण पाय काही उभा राहिला नाही. बायको हन्ना आधीच देवाघरी गेलेली. थोरला मुलगा एलिया शुगर फॅक्टरीत होता, तो करोनात गेला. धाकटा नोहा पिंपरीला, बायकापोरांत. घरात राहिली एलियाची विधवा, आराधना. बी.ए. झालेली, मूलबाळ नाही, घरीच पोरांच्या शिकवण्या घेणारी. नवरा गेला तेव्हा तिचा भाऊ न्यायला आला होता. "बाबांचं बघते थोडे दिवस," असं म्हणून तिनं त्याला माघारी धाडलं. त्या थोड्या दिवसांची वर्षं झाली. खाणंपिणं, औषधपाणी, आणि भल्या माणसांत ज्याचं नाव घेत नाहीत तेही, सगळं तीच करत होती.

त्या नाव न घेण्याच्या गोष्टीनंच मास्तर अर्धे मेले होते. जन्मभर कडक इस्त्रीचा सदरा घालून शाळेत गेलेला माणूस. त्याला सुनेनं उघडं करावं, पुसावं, कूस बदलून लंगोट बांधावा, यापेक्षा मरण बरं असं त्यांना रोज सकाळी वाटायचं. ती पाणी घेऊन आली की मास्तर भिंतीकडे तोंड फिरवायचे आणि मनातल्या मनात सुरू व्हायचे: देवा, ने आता मला. माझं कोणी नाही. ती तिकडं पुसतेय, आणि हे इकडं सांगतायत की कोणी नाही. हसावं की रडावं?

पण मास्तरांच्या डोक्यात त्याचा हिशेब चोख होता. नोहा आपला, रक्ताचा. करायचं ते तो करणार, नेईल तर तोच नेणार, आज ना उद्या. सून म्हणजे परक्याची लेक, आणि मधला जोडणारा नवराच गेल्यावर ती कोणत्या नात्यानं सून? तिचं घेतलं तर तो उपकार, आणि उपकार मानायचा म्हटलं की मान खाली घालावी लागते. म्हणून मास्तरांनी तो धरलाच नाही. घ्यायचं सगळं, पण घेतलं म्हणायचं नाही. शिकलेला माणूस मूर्खपणासुद्धा किती विचारपूर्वक करतो बघा.

तर त्या बुधवारी मास्तरांच्या घरी प्रार्थना होती. खाटेभोवती सतरंज्या घातल्या होत्या. पाळकसाहेब आले, पाळकीणबाई आल्या, मंडळीतली आणखी काही घरं आली. शेजारच्या रतनबाईही आल्या. त्या हिंदू, पण बुधवार चुकवत नसत. गाणी आवडतात म्हणायच्या, आणि चहाही आवडायचा. गीतं झाली, वचन झालं, आणि पाळकसाहेब म्हणाले, "मास्तर, आज तुमच्या घरी आहोत. तुम्हीच प्रार्थना चालवा."

मास्तरांना उशीला टेकवून बसवलं होतं. त्यांनी डोळे मिटले. देश झाला, पाऊस झाला, आजाऱ्यांची नावं झाली. आवाज चढत गेला, पडत गेला. लोकांचं मन भरून आलं. आणि मग जीभ रोजच्या वळणावर वळली.

"आणि हे दयाळू बापा, तुझा हा म्हातारा दास या खाटेवर पडून आहे. बायको तू नेलीस, कर्ता मुलगा नेलास. आज मला पाणी द्यायला कोणी नाही. माझं म्हणावं असं कोणी नाही. या म्हातारपणी मी एकटा आहे, बापा, एकटा..."

आणि आवाज खाली आणून शेवट केला: "येशूच्या नावानं मागतो, आमेन."

सगळे म्हणाले, "आमेन." रीतच ती. कुणी काय मागितलं ते नंतर कळतं, आमेन आधी निघतं. आणि त्या सगळ्यांत एक आमेन दाराकडून आलं, स्वच्छ, ठळक. मास्तरांनी डोळे उघडले. स्वयंपाकघराच्या दारात आराधना चहाचा ट्रे घेऊन उभी होती.

मग कुणी कुणाकडे बघेना. पाळकीणबाई पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या. आराधनानं एकेकाच्या हातात कप दिला, मास्तरांना बशीत ओतून दिला, हनुवटीखाली रुमाल धरला. पाणी द्यायला कोणी नाही म्हणणाऱ्याला चहा पाजला.

बोलल्या त्या रतनबाईच. त्यांच्या जिभेला कधीच हाड नव्हतं. "मास्तर, कोनी न्हाई म्हंजे? मंग ही कोन हाय?"

मास्तर गडबडले. चूक झाली म्हणावं की नाही? पण नाही, मास्तरच ते. म्हणाले, "तसं नाही हो रतनबाई. प्रार्थनेत तसं म्हणतात. ती एक भाषा असते."

"व्हय का?" रतनबाईंनी कप खाली ठेवला. "लई वंगाळ भाषा हाय मंग."

लोक भराभर उठले. "सलाम मास्तर, सलाम," म्हणत चपला शोधू लागले. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सारवायला गेले आणि आणखी खड्डा करून बसले.

आराधना काही बोलली नाही. तीच तर पंचाईत. रागावली असती, भांडी आदळली असती, तर मास्तरांना बरं वाटलं असतं, कारण मग मोठ्या मनानं गप्प बसण्याचा मान त्यांना मिळाला असता. तिनं जेवू घातलं, गोळ्या दिल्या, सकाळी पाणी आणलं. सगळं रोजच्यासारखं. फक्त तिची बडबड थांबली. एरवी ती हात चालवता चालवता काहीबाही सांगत राहायची: कुणाच्या पोराला पाढे येत नाहीत, प्रवरेला पाणी सुटलंय, बाजारात मेथी कशी महागलीय. मास्तर कधी हूं म्हणायचे, कधी तेही नाही. आता ती गप्प झाल्यावर त्यांना कळलं की ती बडबड आपल्याला लाज वाटू नये म्हणून होती. आता खोलीत नुसता पाण्याचा आवाज यायचा, आणि मास्तरांना आपल्या देहाची इतकी शरम वाटायची की ते दात घट्ट आवळून धरायचे.

शुक्रवारी आराधना बाजारात गेली. रतनबाई ताक घेऊन आल्या आणि खाटेशी स्टूल ओढून बसल्या.

"मास्तर, एक इचारू का? राहात्याचं तुमाला ठावं हाय का?"

"राहात्याचं काय?"

"तितं पोरींचं वसतिगृह हाय. पाळकीणबाईंनी वॉर्डनची नोकरी बघून दिलीया आराधनाला. ऱ्हायाला खोली, जेवन, पगार. लई दिसांपासून जीव टांगून हाय पोरीचा. तुमाला सांगायची सोय न्हाई म्हनून माज्यापाशी बोलली. आता शनवारी हो का न्हाई ते कळवायचंय."

मास्तरांनी उशीवरून मान उचलली. "मग काय म्हणते ती?"

"न्हाई म्हननार हुती तुमच्यापायी. आता काय म्हनंल काय म्हाईत. तुमीच देवाला सांगून बसला का तुमाला कोनी न्हाई." रतनबाई उठल्या. "काखंत कळसा न् गावाला वळसा म्हनत्यात त्ये हेच. ताक प्या, आंबट न्हाई."

ताक तसंच राहिलं. मास्तर खाटेवर पडून छताकडे बघत राहिले. ती गेली तर? सकाळी कोण येणार, रात्री कोण येणार, ही खोली किती वेळ तशीच घाण राहणार? देवाला जे खोटं सांगितलं ते खरं व्हायची वेळ आली होती. आणि अशा भीतीतही त्यांना आधी आठवली ती स्वतःचीच सोय, तिची नोकरी नव्हे. हेही त्यांच्या लक्षात आलं, आणि त्याचीही लाज वाटली.

मग त्यांनी मोबाईल घेतला आणि नोहाला लावला. एरवी नोहा रविवारी फोन करायचा. "कसे आहात पप्पा?" "ठीक आहे." "औषधं घेता ना?" "घेतो." एवढ्यावर संपायचं. आज मास्तर म्हणाले, "नोहा, मला काही दिवस तिकडं घेऊन जा."

"नेलं असतं हो पप्पा. पण इथं आम्ही दोघंही कामाला. तुमच्याजवळ कोण थांबणार? जागाही लहान. आणि तिथं वहिनी आहे ना. ती आहे म्हणून तर मी निश्चिंत असतो."

"ती तुझी कोण लागते?" मास्तर एकदम म्हणाले.

"म्हणजे?"

"काही नाही." मास्तरांनी फोन ठेवला. पोरगं बोलत होतं ते बापाचंच शिकवलेलं होतं: ती आहेच, तिला धरायचं नाही. पोराला रागवायला तोंड कुठं होतं?

त्या संध्याकाळी मास्तरांनी एकच विचार केला. चूक चारचौघांत झाली, तर दुरुस्तीही चारचौघांत झाली पाहिजे. त्यांनी पाळकसाहेबांना फोन करून गळ घातली की उद्या सकाळीच पुन्हा आमच्याकडे प्रार्थना ठेवा, बुधवारपर्यंत थांबू नका, माझ्या मनाला लागलंय. पाळकसाहेब भला माणूस, त्यांनी मंडळीला निरोप दिले. मास्तरांनी वाक्यं जुळवली. अशी प्रार्थना त्यांनी उभ्या जन्मात केली नव्हती.

शनिवारी सकाळी सगळे जमले, कुतूहलानं थोडे जास्तच जमले. मास्तरांनी देशाला आणि पावसाला फाटा दिला आणि थेट सुरुवात केली. "हे बापा, तू या दासाच्या घरी एक लेक पाठवलीस..." आणि मग काय विचारता. तिनं रात्री जागून काढल्या ते आलं, तिचं तरुणपण आलं, पोटच्या पोरांनी केलं नसतं ते तिनं केलं हे आलं. पवित्र शास्त्रातल्या चांगल्या चांगल्या बायांची नावं तिला दिली. "हिच्या हातूनच माझा शेवटचा घोट व्हावा, हिच्याच हातानं माझे डोळे मिटावेत, हे बापा." बाया मुसमुसू लागल्या. पाळकसाहेबांनी चष्मा पुसला. आमेन झालं तेही दणक्यात. रतनबाईंनी मात्र तोंड वाकडं केलं, पण त्याकडे मास्तरांचं लक्ष नव्हतं. पाळकीणबाईंनी आराधनाला मिठी मारून म्हटलं, "धन्य आहेस गं बाई. देवानं तुझ्यासाठी हेच काम नेमलंय. आम्ही त्या राहात्याचं उगीच सुचवलं."

मास्तर कितीतरी दिवसांनी मोकळे झाले. लोक गेले. आराधनानं सतरंज्या झटकल्या, घड्या घातल्या, आणि घड्या हातात घेऊनच ती खाटेपाशी येऊन उभी राहिली.

"बाबा, बुधवारी तुम्ही मला माणसांत धरलं नाहीत. आज खुंट्याला बांधलंत." आवाज शांत होता. "आता मी राहात्याला हो म्हणाले तर अख्खी मंडळी माझ्या तोंडात शेण घालेल. शेवटचा घोट माझ्या हातून, हे तुम्ही देवाला सांगितलंत. मला विचारलंत का?"

मास्तरांनी तोंड उघडलं, पण शब्द सापडेना. इतके शब्द आत्ताच वापरून झाले होते. खरंच की. आभार म्हणून जे उधळलं ते मागणंच होतं. ती जाऊ नये म्हणून देवाला मध्ये घालून, मंडळीला साक्षीला बसवून केलेलं मागणं. जन्मभर पोरांना प्रामाणिकपणाचे धडे दिले आणि म्हातारपणी ही लबाडी. कुठं तोंड लपवावं असं झालं, पण खाटेवरचा माणूस तोंड तरी कुठं लपवणार?

"चुकलो," ते म्हणाले. हा शब्द त्यांनी या घरात कुणालाच कधी म्हटला नव्हता. हन्नालाही नाही. "दोन्ही वेळा चुकलो."

आराधना खाटेच्या कडेला बसली. सतरंज्या मांडीवरच होत्या.

"मलाही एक सांगायचंय. मला जायचंय, बाबा. तुमच्यावर रागावून नाही. आधीपासूनच जायचं होतं. मी दमलेय. सकाळी पाणी तापवायला ठेवते तेव्हा कधीकधी मला रडू येतं, मग तोंड धुऊन तुमच्याकडे येते. बुधवारी तुम्ही म्हणालात ना, माझं कोणी नाही, तेव्हा वाईट वाटलं. पण त्याच्या आत सुटल्यासारखंही वाटलं. वाटलं, बरं झालं, आता मी गेले तरी चालेल." ती थांबली. "ते आमेन मी सगळ्यांच्या बरोबर म्हणून नाही म्हणाले. मनापासून म्हणाले. आणि तेव्हापासून मला तुमच्या तोंडाकडे बघायची लाज वाटते."

मास्तर ऐकत राहिले. म्हणजे त्या पाण्याच्या आवाजात दोघंही शरमेनं गप्प होते, आणि त्यांना वाटत होतं आपण एकटेच. त्यांना तिच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटला. ठेवला.

"कळवून टाक राहात्याला. हो म्हण."

"आणि तुमचं?"

"माझं मी बघतो," असं मास्तर म्हणणार होते. जुनी खोड. पण यावेळी जीभ त्यांनी धरली. "माझं कोण बघणार ते मला माहीत नाही," ते म्हणाले. "मला भीती वाटते. पण तुझ्या गळ्यात नाही घालणार. फोन दे तो."

तिनं फोन दिला आणि उठू लागली. मास्तर म्हणाले, "बस. तुझ्यासमोर बोलतो."

नोहानं उचलला. "पप्पा? कसे आहात?"

"ठीक नाही," मास्तर म्हणाले. "नीट ऐक. मी शी-शू सगळं खाटेवर करतो. वर्षं झाली. सकाळी मला धुवावं लागतं, पुसावं लागतं, लंगोट बदलावा लागतो. दुपारी परत. रात्री परत. कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखम होते. एकदा झाली होती, तुला सांगितलं नाही. पोट बिघडलं की सगळं अंथरूण धुवावं लागतं. हे सगळं आराधना करते, एकटी."

पलीकडे मागं कुठंतरी टीव्ही चालू होता, तो बंद झाला.

"पप्पा, तुम्ही कधी बोलला नाहीत."

"लाज वाटायची. तुला सांगायचीही आणि तिला विचारायचीही. आता ती नोकरीला जातेय. जाऊ दे तिला, मी सांगितलंय. तेव्हा तू ये. एखादा माणूस बघ, नाहीतर मला ने, नाहीतर आणखी काही कर, पण आधी तू ये आणि ती जाईपर्यंत दोन दिवस हे तुझ्या हातानं कर. मग ठरवू."

नोहा हळूच म्हणाला, "पप्पा, मला... तुमचं ते... मला नाही जमणार हो. मला लाज वाटेल."

आराधनानं मान खाली घातली. मास्तरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"वाटेल," ते म्हणाले. "मलाही वाटेल. ये."